गाडी उभी होती तर "उभी होती" असंच लिहा

वाचकाचं पत्र:

"दादा नमस्कार. आम्ही त्रिमूर्ती नगरात राहतो. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये खाली पार्किंग कमी पडते म्हणून आमची कार रात्री गेटच्या बाजूला रोडवर उभी राहते. परवा सकाळी पाहिलं तर ड्रायव्हर साइडचा मागचा दरवाजा आत गेलेला, मागचा बंपर फाटलेला, टेल लॅम्प फुटलेला. समोरच्या बंगल्याच्या सीसीटीव्हीत पहाटे ४ च्या सुमारास एक पाण्याचा टँकर रिव्हर्स घेताना दिसतो पण नंबर एमएच ४९ च्या पुढे वाचताच येत नाही. शोरूमने ३४ हजाराचं एस्टिमेट दिलं. पॉलिसी कॉम्प्रेहेन्सिव्ह आहे, झिरो डेप नाही, एनसीबी (नो क्लेम बोनस) ३५ टक्के. गाडीला साडेतीन वर्षं झाली. आता आमचे एजंट सांगून राहिले की उभ्या गाडीच्या क्लेमला लई झंझट असते, रिव्हर्स घेताना पिलरला लागली असं लिहून द्या. माझं लायसन्स मागच्या महिन्यात संपलं तर म्हणाले ड्रायव्हर म्हणून मिस्टरांचं नाव टाका. मिस्टर म्हणतात क्लेमच नको, एनसीबी जाईल, खिशातून करून टाकू. मला काही सुचत नाही. काय करू?"

नमस्कार ताई,

आधी एक काम करून या, बाकीचं नंतर वाचा. समोरच्या बंगल्यात जा आणि ते फुटेज आजच पेनड्राइव्हमध्ये घेऊन या. घरगुती कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्ये जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन आपोआप चढत जातं, कोणाकडे आठवडाभर टिकतं, कोणाकडे त्याहून कमी, ज्याची हार्ड डिस्क जेवढी तेवढं, आणि एकदा गेलं की गेलं. स्क्रीनसमोर मोबाईल धरून काढलेला व्हिडिओ अगदीच कामाचा नाही असं नाही पण ओरिजनल फाईल घ्या, तिच्यात तारीख-वेळ असते. आणि तिथेच थांबू नका. टँकर काही आभाळातून पडला नाही, तो कुठून तरी आला आणि कुठे तरी गेला, म्हणजे त्याच रोडवर पुढे-मागे जे किराणा दुकान, मेडिकल, क्लिनिक, दुसरी फ्लॅट स्कीम असेल तिथे विचारा. एमएच ४९ म्हणजे पूर्व नागपूरचं पासिंग, नंबरचा बाकीचा भाग एखाद्या दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट आला असू शकतो. तुमच्या भागात टँकरवाले नेहमीचेच असतात, पहाटे ४ ला कोणाकडे पाणी टाकायला आला होता हे एखाद्या वॉचमनला माहीत असतं.

झालं? आता मुद्द्यावर येतो.

तुमची गाडी उभी होती, कोणीतरी ठोकून गेला. कॉम्प्रेहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान कव्हर आहे, सरळसरळ कव्हर आहे. त्या पॉलिसीचा जो ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असतो त्यात कशाकशाचे पैसे मिळतात त्याची यादी छापलेली असते. आग, स्फोट, वीज पडणं, चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, कोणी मुद्दाम केलेली नासधूस, दरड, आणि बाहेरून झालेला अपघात. ही यादी परत एकदा नीट वाचा ताई, यातल्या जवळपास एकाही गोष्टीला गाडी चालत असायची गरज नाही. अर्ध्याहून जास्त गोष्टी तर गाडी उभी असतानाच होतात. त्यामुळे "उभ्या गाडीच्या क्लेमला झंझट" हे जे तुमचे एजंट म्हणून राहिले ते चूक आहे, आणि ती साधी चूकही नाही, तिच्यामुळे तुमचा चांगला क्लेम खराब होऊ शकतो म्हणून मी एवढं जोर देऊन लिहितो आहे.

एजंट असं का सांगतात ते मला समजतं. अनोळखी गाडी ठोकून गेली म्हटलं की कंपनी दोन प्रश्न जास्त विचारते, कधी पोलिसांकडची नोंद मागते, आणि "पिलरला लागली" म्हटलं की सगळं दोन ओळीत संपतं, त्यांचे फोन वाचतात. बहुतेक जण तुमचं वाईट व्हावं म्हणून सांगत नाहीत, सवयीने सांगतात. पण क्लेम फॉर्मवर सही तुमची असते. त्या सहीच्या वर लिहिलेलं असतं की वरील माहिती खरी आहे, आणि खोटी निघाली तर कंपनीला क्लेम नाकारायचा हक्क मिळतो. खऱ्या गोष्टीवर मिळणारे पैसे खोट्या गोष्टीवर मागायचे, हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही ते पटलं नाही म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलं असं मला वाटतं.

आणि नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर काही फक्त फॉर्म वाचत नाही. तो गाडीभोवती फिरतो, खाली वाकतो, बोट फिरवून पाहतो. पिलरला रिव्हर्समध्ये लागलेली गाडी वेगळी दिसते, तिथे एक उभा पोचा असतो, सिमेंटचा चुरा किंवा चुना लागलेला असतो, आणि मार मागून पुढे जातो. टँकरचा मार उंचावर असतो, लांबट ओरखडा असतो, टँकरचा रंग तुमच्या दरवाजावर लागलेला असतो. दरवाजा आणि बंपरचा कोपरा दोन्ही एका पिलरने कसे गेले, हा पहिला प्रश्न येईल, आणि त्याचं उत्तर तुमच्या मिस्टरांकडे नसेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या मोठ्या भावाची कार काही वर्षांपूर्वी बर्डीत दिवाळीच्या खरेदीच्या वेळी उभी होती, एक मेटाडोर घासून निघून गेला. त्याला पण असंच कोणीतरी सांगितलं की घरच्या गेटला लागली म्हणून लिही. त्याने लिहिलं. सर्व्हेअर घरी आला आणि म्हणाला गेट दाखवा. गेटवर एक ओरखडा नव्हता. भाऊ माझा, आयुष्यात कोणाचा एक रुपया न बुडवलेला माणूस, त्या दिवशी स्वतःच्या दारात मान खाली घालून उभा होता. क्लेम नाकारला गेला. खरं लिहिलं असतं तर तोच क्लेम पास झाला असता, तेच नुकसान, तीच पॉलिसी, काहीच बदलायचं नव्हतं. कंपनीच्या पत्रातली "चुकीची माहिती" ही ओळ त्याला पैशापेक्षा जास्त लागली, अजूनही तो विषय निघाला की उठून आत जातो. म्हणून मला तुमचं पत्र वाचून राहवलं नाही.

आता लायसन्स. इथे तर खरं बोलणंच तुमच्या जास्त फायद्याचं आहे. पॉलिसीत लायसन्सची जी अट आहे ती गाडी चालवणाऱ्या माणसासाठी आहे. पहाटे ४ वाजता तुमची गाडी कोणीच चालवत नव्हतं, तुम्ही वर झोपल्या होत्या. म्हणजे ड्रायव्हरच नाही, तर कोणाचं लायसन्स? फॉर्ममध्ये ड्रायव्हरचं नाव, लायसन्स नंबर असे रकाने असतातच, तिथे "वाहन पार्क केलेले होते, चालक नाही" असं लिहायचं. ऑनलाइन फॉर्म असेल आणि तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नसेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि त्यांच्याकडूनच क्लेम रजिस्टर करून घ्या, घटनेच्या वर्णनात पार्क केलेली होती हे त्यांना टाकायला लावा. मिस्टरांचं नाव ड्रायव्हर म्हणून टाकणं म्हणजे नसलेला अपघात तयार करणं. गरजच काय? बाकी लायसन्स लगेच रिन्यू करा, संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर परत टेस्ट द्यावी लागत नाही, वर्ष उलटलं की द्यावी लागते. आणि तोवर गाडी चालवू नका, कारण उद्या चालवताना काही झालं तर तिथे मात्र लायसन्सची अट पूर्ण लागू होईल.

रोडवर उभी होती म्हणून क्लेम जाईल का अशी पण भीती असेल तर सांगतो, नाही. गाडी सोसायटीच्या आतच पाहिजे अशी अट स्टँडर्ड पॉलिसीत नाही. नो पार्किंगमध्ये असती तर चलान वेगळं आलं असतं. कंपनी एवढंच पाहते की तुम्ही गाडीची वाजवी काळजी घेतली होती का, लॉक होती का, भलत्याच धोक्याच्या जागी तर नव्हती. नागपुरात अर्ध्या फ्लॅट स्कीमच्या गाड्या रात्री रोडवरच असतात, वरती दहा फ्लॅट आणि खाली सहा गाड्यांची जागा, माणूस करेल तरी काय.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ते एजंटसारखं चूक नाही, त्यांचा प्रश्न हिशोबाचा आहे आणि तो खराच हिशोब करून सोडवायला पाहिजे, नुसतं "एनसीबी जाईल" म्हणून घाबरून नाही. चला बसून करू.

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नाही केला तर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाचव्या वर्षी ५०, त्याच्या वर जात नाही. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीच्या म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या प्रीमियमवर नाही, हे लोक विसरतात आणि वाटतं की सगळ्या प्रीमियमचे अर्धे गेले. आणि हो, चूक तुमची नसली तरी क्लेम केला की बोनस जातो. हे ऐकून राग येतो, मलाही येतो, पण तो बोनस क्लेम न करण्याचा आहे, निर्दोष असण्याचा नाही, नियम तसाच आहे.

समजा तुमच्या ओन डॅमेजचा सूट न धरता प्रीमियम १० हजार आहे, तुमच्या पॉलिसीच्या शेड्यूलवर खरा आकडा असतो तो टाकून पाहा. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट, मग ५०, ५०, ५०, ५०. क्लेम केला तर पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी परत ५०. दोन्हीतला फरक काढला तर पहिल्या वर्षी ४५०० चा, दुसऱ्या वर्षी ३०००, तिसऱ्या २५००, चौथ्या १५००, पाचव्या ५००, असे पाच वर्षांत मिळून १२ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १४ हजार १६०. खरं तर यापेक्षा कमीच, कारण गाडी जुनी होते तशी तिची आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली किंमत उतरते आणि ओन डॅमेजचा प्रीमियमही सहसा उतरतो, पण आपण वरचाच आकडा धरू.

आता दुसरी बाजू, हातात किती येतील. झिरो डेप नाही म्हणजे घसारा कापणार, पार्ट जुना झाला म्हणून त्याची पूर्ण किंमत देणार नाहीत. तो मनाने कापत नाहीत, ठरलेला आहे. प्लॅस्टिक, रबर, बॅटरी यांच्यावर ५० टक्के, फायबरवर ३०, काचेवर काहीच नाही, आणि पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. तुमच्या ३४ हजारात ढोबळमानाने असं धरू की दरवाजा ११ हजार, बंपर ४, टेल लॅम्प ३, पेंटिंग १०, डेंटिंग आणि मजुरी ६. दरवाजाचे २७५० कापतील, बंपरचे २०००, लॅम्प प्लॅस्टिकचा म्हणून १५००. पेंटिंगमध्ये बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात आणि त्या मटेरियलवर ५० टक्के कापतात, म्हणजे १२५०. मजुरीवर कापत नाहीत. झाले ७५००. त्यावर कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून जायचेच ते, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १ हजार आणि त्यावरच्या कारला २ हजार. तुमची छोटी गाडी धरली तर १ हजार. तुम्ही स्वतःहून व्हॉलंटरी डिडक्टिबल घेऊन प्रीमियम कमी केला असेल तर तोही कापतील, शेड्यूल पाहा.

म्हणजे ३४ हजारातले साडेआठ हजार तुमचे आणि साडेपंचवीस हजार कंपनीचे. बोनसचं नुकसान जास्तीत जास्त १४ हजार, ते पण पाच वर्षांत मिळून. क्लेम केला तर ११ हजाराच्या वर तुमचे वाचतात, आणि आज एकदम ३४ हजार काढावे लागत नाहीत. करा क्लेम. मिस्टरांना हा हिशोब दाखवा, ते समजूतदार दिसतात. हेच एस्टिमेट १५ हजाराचं असतं तर मी पण त्यांच्याच बाजूने बोललो असतो, कारण घसारा आणि डिडक्टिबल जाऊन हातात दहाएक हजार येतात आणि त्यासाठी १४ चा बोनस घालवायचा, त्यापेक्षा ओळखीच्या डेंटरकडे करून घेतलेलं बरं. काही पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट नावाचा अ‍ॅड-ऑन घेतलेला असतो, तो असेल तर ठरलेल्या क्लेमपर्यंत बोनस शाबूत राहतो, मग तर विचारच करायला नको. पुढच्या रिन्यूअलला झिरो डेपचा भाव विचारून घ्या, पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना तो बहुतेक कंपन्या देतात, आणि रिन्यूअल चुकवू नका, पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या वर गेलं की कमावलेला बोनस तसाच गेला.

एक महत्त्वाचं, सर्व्हे होईपर्यंत काही दुरुस्त करायचं नाही. शोरूमवाला म्हणेल दरवाजा उघडून ठेवतो, पार्ट मागवून ठेवतो, नाही म्हणा. गाडी धुऊ पण नका, तो टँकरचा रंग दरवाजावर राहू द्या, तोच तुमचा साक्षीदार आहे. फोटो काढा, लांबून गाडी आणि गेट दोन्ही दिसतील असे, मग जवळून, मग रोडवर पडलेल्या लॅम्पच्या काचा अजून असतील तर त्यांचे. क्लेम आजच कळवा. उशीर झाला एवढ्याच कारणावर खरा क्लेम नाकारू नका असं विमा नियामकाने, आयआरडीएआयने, २०११ सालीच कंपन्यांना सांगितलेलं आहे, पण तेवढ्यावर विसंबून घरी बसू नका, दिवस गेले की पुरावे जातात.

पोलिसांकडे जायचं का? जा. कोणाला लागलेलं नाही म्हणून एफआयआरच व्हायला पाहिजे असं नाही, पण तुमच्या हद्दीच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या कॉपीवर शिक्का-तारीख घेऊन या, कंपनीने मागितलं तर तो कागद पुरतो बहुतेक वेळा. अर्जात फुटेज आहे हे लिहा. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करून निघून जाणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ च्या विरोधात आहे, ड्रायव्हरने पोलिसांना आणि स्वतःच्या विमा कंपनीला कळवायला पाहिजे असतं. हिट अँड रनची जी सरकारी भरपाई ऐकतो आपण, ती मात्र मृत्यू किंवा गंभीर दुखापतीसाठी आहे, गाडीच्या नुकसानीला नाही, त्यामागे वेळ घालवू नका.

आणि टँकरचा नंबर पूर्ण मिळाला तर? मग तुमच्या हातात अजून एक रस्ता आहे. त्या टँकरच्या थर्ड पार्टी विम्यातून तुमचं नुकसान मागता येतं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, नागपुरात ते आहे. फक्त खरं सांगतो, ३४ हजारासाठी तिथे तारखा मोजत बसणं मी कोणाला सुचवत नाही, वर्षं जातात. त्यापेक्षा मालकाला शांतपणे भेटा, फुटेज दाखवा, पोलिसातला अर्ज दाखवा. टँकरचा धंदा करणारा माणूस गाडी ठाण्यात नेऊन लावायला नाखूश असतो, बरेच जण देऊन मोकळे होतात. पण कंपनीकडून साडेपंचवीस घेऊन मालकाकडून परत पूर्ण ३४ घ्यायचे असं करू नका, एका नुकसानीचे दोनदा पैसे नाही. तुमच्या खिशातून जे साडेआठ हजार गेले आणि बोनस बुडाला तेवढं मालकाकडे मागा, लिहून घ्या, आणि कंपनीला कळवून ठेवा. उलट मालकाने पूर्ण ३४ लगेच दिले तर क्लेमच करायची गरज नाही, एनसीबी पण वाचला. म्हणून म्हटलं आधी कॅमेरे फिरा.

तुमच्याच निमित्ताने उभ्या गाड्यांचं अजून थोडं लिहितो, कारण मला अशी पत्रं पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात येतच राहतात.

२३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र नागपूरकर विसरणार नाही. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरात पाणी, मोरभवन बसस्टँड पाण्यात. फ्लॅट स्कीमच्या खाली उभ्या असलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पूर कव्हर असतो, त्यामुळे सीट, वायरिंग, साफसफाई याचे पैसे मिळू शकत होते. पण कितीतरी जणांनी पाणी ओसरल्यावर काळजीने पहिली गोष्ट काय केली तर किल्ली फिरवून पाहिली. तिथेच घात झाला. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की आतला रॉड वाकतो, आणि ते नुकसान पुराने नाही, नंतर चालू केल्याने झालं म्हणून कंपनी इंजिनचे पैसे नाकारते, इंजिन प्रोटेक्टचा अ‍ॅड-ऑन असेल तरच मिळतात. नाल्याकाठी, नाग नदीच्या जवळ, उतारावर राहत असाल तर तो अ‍ॅड-ऑन घ्याच, आणि गाडीत पाणी गेलं तर हात लावू नका, जमलं तर बॅटरीची वायर काढा आणि टो करून न्या. हे घरातल्या पोरांना पण सांगून ठेवा, तीच आधी किल्ली घेऊन धावतात.

मार्च २०२५ मध्ये महाल, हंसापुरी भागात दंगलीत लोकांच्या घरासमोर उभ्या गाड्या जळाल्या. दंगल आणि जाळपोळ दोन्ही कॉम्प्रेहेन्सिव्हमध्ये येतात, पण तिथे एफआयआर किंवा पंचनामा पाहिजेच. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी होती त्यांच्या हातात विम्यातून काहीच येत नाही, कारण थर्ड पार्टी ही दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असते, आपल्या गाडीसाठी नाही. जुनी गाडी म्हणून नुसती थर्ड पार्टी घेणारे आपल्याकडे खूप आहेत, त्यांनी निदान आग आणि चोरी जोडून मिळते का हे विचारावं, पूर्ण पॅकेजपेक्षा स्वस्त पडतं.

झाड पडलं, गारा पडल्या, कोणी किल्लीने ओरखडा मारला, हे सगळं येतं. नुसता टायर कोणी कापला तर येत नाही, गाडीला पण सोबत नुकसान झालं असेल तरच टायरचे अर्धे मिळतात.

उभी गाडी चोरीला गेली तर मात्र एफआयआर लगेच, त्याच दिवशी. एफआयआर वेळेत असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून चोरीचा खरा क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, क्लेमच्या वेळी मागतात. दूध घ्यायला, पोहे घ्यायला दोन मिनिटं उतरताना किल्ली गाडीतच ठेवायची आपली सवय आहे ना, ती सोडा, तिथे कंपनी निष्काळजीपणा दाखवते आणि मग पूर्ण पैशांसाठी भांडावं लागतं. हॉटेलात किल्ली व्हॅलेवाल्याच्या हातात दिली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे "पार्किंग ओनर्स रिस्कवर" अशी पाटी दाखवून हॉटेलला हात झटकता येत नाहीत, दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१९ ला तेच सांगितलं.

परत तुमच्याकडे येतो. समजा खरं लिहूनही कंपनीने टाळाटाळ केली तर घाबरू नका. नाकारल्याचं कारण लेखी मागा, फोनवरचं बोलणं धरू नका. कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, नागपूरसाठी पुण्याचं ऑफिस आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत. आयआरडीएआयचं विमा भरोसा पोर्टल आहे, फोन १५५२५५. ग्राहक आयोग नागपुरातच आहे, दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. पण तुमची केस इतकी स्वच्छ आहे की इथपर्यंत यायची वेळ येऊ नये.

एजंटशी भांडू नका, त्यांना एवढंच सांगा की मी खरं तेच लिहिणार, तुम्ही मदत करा. चांगला माणूस असेल तर करेल. आणि फॉर्मवर घटनेच्या वर्णनात काय लिहायचं ते मी खाली देतो, तारीख तुमची टाका, बाकी एक शब्द वाढवू नका:

"सदर वाहन दिनांक ... रोजी रात्री आमच्या इमारतीच्या गेटजवळ रस्त्याच्या कडेला लॉक करून उभे होते. पहाटे ४ च्या सुमारास एका टँकरने मागे घेताना वाहनाच्या उजव्या मागील बाजूस धडक दिली व तो निघून गेला. त्या वेळी वाहनात कोणीही नव्हते. समोरील घराच्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण सोबत जोडले आहे. टँकरचा क्रमांक एमएच ४९ एवढाच वाचता येतो."